पुस्तकातले ०.८ आणि इंजिनातले ०.८: बाहेरचे सुटे भाग घालून बांधलेल्या बुलेटच्या टायमिंगचे एक प्रकरण

हे प्रकरण सत्तरी तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या बुलेट ३५० चे आहे. गाडी १९९२ सालची असून तिचे इंजिन जुन्या घडणीचे, कास्ट आयर्नचे, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे, म्हणजे ३४६ सीसीचे आहे. तिला ठिणगी देणारी व्यवस्थाही जुनीच आहे: उघडताक्षणी ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि पॉइंटच्या प्लेटमागे वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी, म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आणखी लवकर पाडणारी, दोन वजने. मास्तरांनी ती नवी घेतली होती आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती. त्यांची मुलगी बेळगावला असते, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून जाणे हा त्यांचा नेम होता. इंजिनाची खरी परीक्षा या घाटातच होते, आणि पुढे जे घडले त्यातले बरेचसे या घाटानेच दाखवून दिले.

माझे गॅरेज साखळीला आहे. इंजिन माझ्याकडे आले तेव्हा ते तेल खात होते, थंड असताना पिस्टनचा आवाज करत होते आणि टायमिंगच्या बाजूने, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम चाकांकडून, खडखडत होते. उघडल्यावर सिलिंडर खालच्या भागात अंडाकृती झिजलेला आढळला, दोन्ही कॅम चाकांची टोके चपटी झालेली होती, आणि पॉइंट पुढे नेणाऱ्या वजनांच्या खिळ्यांना इतकी ढिलाई होती की ती बोटाने वरखाली हलत होती. पूर्ण काम काढावे लागणार हे उघड होते.

या इंजिनाचे उत्पादन थांबून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मूळ कंपनीचा माल क्वचित मिळतो, आणि मिळाला तर सगळा एकाच ठिकाणी मिळत नाही. मास्तरांना गाडी एप्रिलच्या आत हवी होती. तेव्हा ०.७५ मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन, दोन्ही कॅम चाके, पॉइंट, कंडेन्सर आणि वजनांचा पूर्ण संच असे सगळे भाग बाहेरच्या बनावटीचे घ्यावे लागले. हे भाग चार वेगवेगळ्या कारखान्यांचे होते. त्यांतला कोणताही भाग एकेकटा पाहता टाकाऊ नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण दोष एका भागावर ढकलून हे प्रकरण समजत नाही.

जोडणीच्या वेळी काय तपासले आणि काय तपासले नाही

पिस्टनपासून सुरुवात केली. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून, पिनच्या भोकापासून माथ्यापर्यंतची उंची मोजली, तर नव्याची उंची ०.९ मिलिमीटर जास्त भरली. माथा वर आला म्हणजे व्हॉल्व्ह त्याला लागू शकतात, म्हणून आधी ते अंतर पाहणे भाग होते. शेजारच्या चित्रशाळेत गणपतीचे काम वर्षभर चालते. तिथून मूठभर मळलेली माती आणली, तिचा पातळ थर पिस्टनच्या माथ्यावर दिला, हेड घट्ट केले आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा उघडले. व्हॉल्व्हचे ठसे मातीत उमटले होते; सर्वांत पातळ जागी जाडी २ मिलिमीटरच्या वर होती, त्यामुळे धोका नव्हता.

यानंतर दहनकक्षाचे आकारमान मोजले. प्लगचे भोक सर्वांत वर येईल असे इंजिन कलंडवून, पिस्टन वर असताना ५० मिलिलिटरच्या सिरिंजने पातळ तेल भरत गेलो. ५१ मिलिलिटर मावले. ७०.७५ मिलिमीटर बोअरला या इंजिनाचे विस्थापन सुमारे ३५४ सीसी होते, म्हणजे कॉम्प्रेशनचे गुणोत्तर, मिश्रण किती पटीने दाबले जाते तो आकडा, ७.९ च्या आसपास आले. जुन्या पिस्टनचा माथा ०.९ मिलिमीटर खाली होता, त्या हिशेबाने पूर्वीचे गुणोत्तर ७.४ च्या जवळपास होते. फरक मोठा नाही, पण ठिणगीच्या बाबतीत सहनशीलता तेवढी कमी झाली, ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आणि दुर्दैवाने तिथेच सोडली.

कॅम चाकांनी मात्र मला वेळीच सावध केले. टायमिंगच्या पेटीत चाके बसवताना दात्यांवरच्या ठिपक्या आणि रेषा एकमेकींसमोर आणायच्या असतात, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच विसंबतात. एक्झॉस्टच्या नव्या चाकावरचा ठिपका मला चमत्कारिक वाटला. तो दात्याच्या मधोमध नव्हता, खाचेकडे झुकलेला होता आणि कोणत्या दात्याचा तो आहे हे डोळ्याने सांगता येत नव्हते. म्हणून जुने आणि नवे चाक एकाच आसावर, पाठीला पाठ न लावता एकाच दिशेने तोंड करून, एकावर एक ठेवले आणि दोघांच्या कॅमची टोके कोपऱ्याच्या पट्टीने एका रेषेत आणली. दातेही बरोबर जुळले, ठिपके मात्र जुळले नाहीत. नव्या चाकावरचा ठिपका शेजारच्या दात्याकडे सरकलेला होता. मी जुन्या चाकाप्रमाणे योग्य दात्यावर नवी खूण ठोकली आणि जुनी कानशीने पुसली. पुढे डायल गेज लावून एक्झॉस्ट बंद होण्याची आणि इनटेक उघडण्याची जागा तपासली तेव्हा ती जुन्या कॅमच्या जागेशी दोन अंशांच्या आत जुळली. या चाकाची खूण आंधळेपणाने मानली असती तर पुढचे सगळे निदान व्हॉल्व्हच्या टायमिंगमध्ये गुरफटले असते.

ज्या कारागिराने कॅमची खूण इतक्या काळजीने पारखली त्याने ठिणगीच्या टायमिंगबाबत मात्र सवयीचा मार्ग धरला, ही या प्रकरणातली माझी चूक आहे. या इंजिनासाठी ठरलेले माप सर्वांना पाठ असते: वजने पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे अगदी वरच्या बिंदूच्या, ०.८ मिलिमीटर आधी असेल तेव्हा पॉइंट उघडू लागले पाहिजेत. त्याआधी पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लावायची असते, कारण फट बदलली की उघडण्याचा क्षणही बदलतो. मी फट ०.३८ वर ठेवली. पिस्टनची जागा पाहण्यासाठी प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक घातला, जो माझ्या पेटीत वीस वर्षे होता आणि ज्यावर कानशीने दोन खाचा, एक टीडीसीची आणि एक ०.८ मिलिमीटरची, पाडलेल्या होत्या. गाडी टॉप गिअरला टाकून मागचे चाक हळूहळू फिरवले आणि हेडलाइटच्या डोक्यावरच्या अ‍ॅमीटरकडे नजर ठेवली. किल्ली चालू असताना पॉइंट मिटलेले असतील तर काटा डावीकडे कलतो आणि ते उघडताक्षणी मध्यावर परत येतो. बुलेटने मेकॅनिकला दिलेली ही फार चांगली सोय आहे, वेगळ्या बल्बची गरज पडत नाही. खाच भोकाच्या काठाशी आली त्याच क्षणी काटा परतला. माप बरोबर आले असे मी समजलो आणि प्लेट घट्ट केली.

तक्रारी आल्या त्या क्रमाने

इंजिन दुसऱ्या किकला चालू झाले आणि शांत, नियमित चालले. पहिले ५०० किलोमीटर ताशी ५० च्या वर नेऊ नका असे सांगून गाडी मास्तरांच्या स्वाधीन केली.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. सकाळी किक मारताना ती उलटली होती आणि त्यांच्या घोट्याला चांगलाच मार बसला होता. ज्यांनी ही गाडी चालवली आहे त्यांना हा झटका माहीत असतो: पिस्टन वर पोचण्याआधीच मिश्रण पेटले तर ते पिस्टनला उलटे ढकलते आणि किकचा दांडा पायाखालून वर उसळतो. सत्तरीजवळ आलेल्या माणसाच्या पायाला असा मार बसावा याचे मला मनापासून वाईट वाटले. मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन स्पोकने टायमिंग पुन्हा पाहिले. ते पूर्वीप्रमाणेच निघाले, आणि निघणारच होते, कारण मोजणारा तोच होता आणि मोजण्याचे साधनही तेच होते. सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेसरचा दांडा ओढून पिस्टन वरच्या बिंदूच्या किंचित पलीकडे नेऊन मगच किक मारा, असे सांगून मी परतलो. मास्तरांना हे मी शिकवावे असे काही नव्हते, पण त्यांनी ते ऐकून घेतले.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत किक उलटणे आपोआप कमी झाले आणि मग थांबले. इंजिन बसत चालले आहे, असा त्याचा अर्थ आम्ही दोघांनी लावला. तो चुकीचा होता. सहाशे किलोमीटरला तेल बदलायला गाडी आली तेव्हा पॉइंटची फट ०.३८ वरून ०.३० वर आलेली आढळली. नव्या पॉइंटची फायबरची टाच पॉइंट उघडणाऱ्या छोट्या कॅमवर घासून झपाट्याने झिजली होती. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. म्हणजे इंजिन बसले नव्हते. झिजलेल्या टाचेने माझी चूक अर्धीमुर्धी झाकली होती. मी फट पुन्हा ०.३८ केली, स्पोकने टायमिंग पुन्हा लावले, आणि नकळत तीच चूक दुसऱ्यांदा इंजिनात बसवली.

आता गाडीवर वेगाचे बंधन नव्हते. मास्तर बेळगावला निघाले आणि केरी सोडून घाट लागल्यावर अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. ते म्हणाले, ‘तिसऱ्या गिअरला जरा मूठ पिळली की आतून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज येतो. सोडली की थांबतो.’ वर्णन अचूक होते. ते नॉकिंग होते, म्हणजे मिश्रण नियमित न जळता स्फोटासारखे पेटत होते. मी त्यांना पुढे न जाता, मूठ हलकी ठेवून परत यायला सांगितले, कारण नव्या पिस्टनवर असा मार फार वेळ बसू देणे म्हणजे त्याचा माथा किंवा रिंगांमधल्या भिंती गमावण्याची तयारी ठेवणे होय.

ते परत आल्यावर मी जे केले ते बहुतेक गॅरेजमध्ये केले जाते. पॉइंटच्या प्लेटची आणि ती ज्यात बसते त्या घराची एकमेकांसमोरची जागा सुईने ओरखडा ओढून नोंदवली आणि घाटाच्या पायथ्याशी जाऊन, चढावर एकदा चालवून, थोडे मागे घेऊन, पुन्हा चालवून, असे करत नॉकिंग पूर्ण थांबेपर्यंत टायमिंग मागे घेतले. आवाज थांबला. किकही मऊ झाली. पण चार दिवसांत नवीच तक्रार आली: गाडी साखळीच्या बाजारातून हळू चालवताना ओढत नाही, पिकअप मेलेला आहे, इंजिन नेहमीपेक्षा तापते. पाहिले तर सायलेन्सरचा नळ हेडपासून वीतभर निळा पडला होता. ठिणगी उशिरा पडते तेव्हा मिश्रण जळत जळतच बाहेर पडते आणि उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी नळात जाते. निळा नळ त्याची खूण आहे.

इथे थांबून विचार करणे भाग पडले. एकच इंजिन मोठ्या वेगाला ठिणगी लवकर पडल्याची लक्षणे दाखवत होते, आणि ती घालवली की लहान वेगाला ठिणगी उशिरा पडल्याची. प्लेट फिरवून एका टोकाला दिलेला दिलासा दुसऱ्या टोकाला महाग पडत होता. याचा अर्थ असा की प्लेटची जागा हा मूळ प्रश्न नव्हता. ठिणगीने सुरुवातीपासून शेवटापर्यंत जेवढे अंतर पुढे जायचे ते अंतरच चुकले होते. हे कानाने कळणार नव्हते, मोजावेच लागणार होते.

मोजणी

मोजायला अंशांची तबकडी हवी. ती मी अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ३६० अंशांचा छापील कागद चिकटवून केली, डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे झाकण काढून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनला वरखाली करणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकाला रोटरच्या नटवर बसवली आणि केसच्या एका बोल्टखाली तार धरून तिचा काटा केला.

पहिला प्रश्न टीडीसी नेमका कुठे आहे, हा होता. वरच्या बिंदूपाशी पिस्टन जवळजवळ थबकतो. या इंजिनात टीडीसीच्या एका बाजूला क्रँक ५ अंश फिरला तरी पिस्टन सुमारे ०.२ मिलिमीटरच हलतो, म्हणून स्पोक थांबला तीच टीडीसी असे धरणे हा अंदाज असतो. खात्रीची पद्धत वेगळी आहे. प्लगच्या जागी जुन्या प्लगच्या कवचात बोल्ट बसवून केलेला अडसर लावायचा, क्रँक एका दिशेने पिस्टन अडेपर्यंत हलक्या हाताने फिरवायचा, मग उलट दिशेने अडेपर्यंत, आणि दोन्ही वाचनांच्या बरोबर मध्ये टीडीसी धरायची. तबकडीचे शून्य मी मुद्दाम स्पोकच्या टीडीसीवर ठेवले होते. एका बाजूला ३८ अंश आले, दुसऱ्या बाजूला ४६. म्हणजे स्पोक मला खऱ्या टीडीसीच्या ४ अंश आधीच ‘पोचलो’ म्हणून सांगत होता. उंचीच्या हिशेबात हे ४ अंश जेमतेम ०.१४ मिलिमीटर होतात, त्यामुळे एवढ्याने सगळा उलगडा होत नव्हता.

तेव्हा स्पोकच व्हर्नियरखाली धरला. वीस वर्षांपूर्वी पाडलेल्या खाचा कानशीच्या धारेएवढ्या रुंद होत्या. प्रत्येक खाचेची रुंदी ०.४ मिलिमीटर. दोन खाचांच्या मध्यांमधले अंतर १.० आणि बाहेरच्या कडांमधले १.४ मिलिमीटर भरले, आणि माझी नजर इतकी वर्षे बाहेरच्या कडांवरच जात होती हे हाताने पुन्हा करून पाहिल्यावर लक्षात आले. जे माप ०.८ घ्यायचे त्याला वापरलेली खाचच त्याच्या निम्म्या रुंदीची होती! टीडीसीची चूक धरून पिस्टन प्रत्यक्षात १.५ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडत होते. ०.८ मिलिमीटर म्हणजे या इंजिनात टीडीसीआधी क्रँकच्या साडेनऊ अंशांच्या आसपास, १.५ मिलिमीटर म्हणजे १३ अंश. उंची दुपटीच्या जवळ गेली तरी अंश फक्त साडेतीनने वाढतात, हे खरे. पण किक उलटवायला, त्यातही ७.९ च्या कॉम्प्रेशनवर, तेवढे पुरेसे होते.

मग इंजिन चालू असतानाचे वाचन घेतले. प्लेट ओरखड्याप्रमाणे पहिल्या जागी आणली, प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट वेगळ्या बॅटरीवर जोडला आणि संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर झाकण काढलेल्या अवस्थेतच, एकेका वेळी काही सेकंदांपुरते, इंजिन चालवले. प्रायमरी चेन अशी उघडी फिरत असताना बाही, फडके, बोटे यांच्याबाबत अतिशय जपावे लागते, आणि माझ्याकडे शिकायला असलेल्या मुलाला मी त्या वेळी जवळ येऊ दिले नाही. संथ चालीला, मिनिटाला सुमारे ९०० फेऱ्यांना, ठिणगी १३ अंशांवर पडत होती. २००० फेऱ्यांना २० अंश, ३००० ला ३५, आणि ४००० ला ४६ अंश, ज्यानंतर ती स्थिर झाली.

या घडणीच्या इंजिनाला पूर्ण अ‍ॅडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या आधी जास्तीत जास्त जेवढी लवकर पडते ते अंतर) ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान मानवतो. ४६ अंश हा आकडा पाहिल्यावर घाटातल्या आवाजाचे आश्चर्य राहिले नाही. प्लेट १२ अंश मागे घेतल्यावर काय झाले असेल हेही त्याच आकड्यांतून कळते: वरचे टोक ३४ वर, म्हणजे योग्य जागी आले, पण संथ चालीला ठिणगी १ अंशावर आणि २००० फेऱ्यांना केवळ ८ अंशांवर गेली. मास्तरांची गाडी दिवसातला बहुतेक वेळ २००० ते ३००० फेऱ्यांमध्येच चालते. नळ निळा होणारच होता.

१३ पासून ४६ पर्यंत म्हणजे ३३ अंशांचा प्रवास. आता वजनांचा संच बाहेर काढून, नवा आणि जुना, दोन्ही बाकावर तपासले. पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून इथला १ अंश क्रँकवर २ अंश होतो. जुन्या संचात वजने मिटलेल्या अवस्थेतून अडसरापर्यंत उघडली की कॅम १२ अंश फिरे, म्हणजे क्रँकवर २४. नव्या संचात तो साडेसोळा अंश फिरत होता. अडसराची पट्टी आणि तिची खाच यांतला फरक दोन्ही संच समोरासमोर ठेवल्यावर नखाएवढा दिसत होता, आणि एकट्या नव्या संचाकडे पाहून तो कोणाच्याही ध्यानात आला नसता. शिवाय नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा ताठ होत्या, त्यामुळे ठिणगी पुढे जायला उशिरा सुरुवात करी आणि मग घाईने खूप पुढे जाई.

पूर्वी याच स्पोकने मी कितीतरी बुलेट लावल्या आणि तक्रार आली नाही, याचे कारणही इथेच मिळाले. १३ अंशांवरून निघालेली ठिणगी मूळ संचाच्या २४ अंशांनी ३७ वर पोचत असे. ते किंचित जास्त होते, पण ७.४ च्या कॉम्प्रेशनला चालून जाई. मूळ भागांनी माझी चूक इतकी वर्षे पोटात घातली होती. नव्या भागांत ती मावेल एवढी जागा उरली नव्हती: पिस्टनने थोडी जागा खाल्ली, वजनांनी बरीच खाल्ली, आणि माझी चूक उघडी पडली.

दुरुस्ती

ओळखीच्या एका मेकॅनिकने इलेक्ट्रॉनिक संच बसवण्याचा सल्ला दिला. तो मी विचारपूर्वक बाजूला ठेवला. त्या संचातही ठिणगी किती आणि कधी पुढे जाणार हे बनवणाऱ्यानेच ठरवलेले असते आणि तेही मोजूनच पाहावे लागते; आणि घाटात बंद पडला तर मास्तर तो दगडावर बसून साफ करू शकणार नाहीत. पॉइंट ते करू शकतात, त्यांनी ते अनेकदा केलेले आहे.

जुना संच खिळ्यांमुळे निकामी होता, नवा मजबूत पण मापाने चुकलेला होता. तेव्हा नव्याचा प्रवास कमी करायचे ठरवले. डिचोलीतल्या लेथवाल्याकडून अडसराच्या पट्टीच्या टोकावर पितळेचा झाळ चढवून घेतला आणि मग कानशीने दोन-चार घासे, बाकावर मोजणी, पुन्हा घासे, असे करत कॅमचा प्रवास १२ अंशांवर आणला. या कामाला पूर्ण दुपार गेली. दोन्ही वजने एकाच वेळी अडसराला टेकतात की नाही हेही पाहावे लागते; एकच टेकले तर दुसरे कॅमला तिरपे रेटत राहते आणि ठिणगी डळमळते. स्प्रिंगा जुन्या संचातल्या घातल्या, कारण त्यांचा ताण टिकून होता. कॅमच्या आत ग्रीसचा बोटभर हात दिला आणि पॉइंटच्या टाचेखाली नेहमी तेलकट राहील असा नमद्याचा तुकडा बसवला, कारण कोरड्या टाचेनेच पहिल्या सहाशे किलोमीटरांत दिशाभूल केली होती. बाकावरच तबकडी लावून पाहिले होते: फट ०.३८ वरून ०.३० झाली की क्रँकवर जवळपास ४ अंश मागे पडतात.

आता सुरुवातीचे टोक कुठे ठेवायचे हा निर्णय उरला. पुस्तकातले ०.८ मिलिमीटर मूळ पिस्टनसाठी आहे. हा पिस्टन तो नव्हे, म्हणून शेवटचे टोक आधी ठरवावे आणि तिथून मागे मोजत यावे असे मला वाटले. वाढलेले कॉम्प्रेशन लक्षात घेऊन पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३२ अंश धरला. त्यातून २४ वजा केले की ८ अंश राहतात, म्हणजे पिस्टन ०.५५ मिलिमीटर खाली असताना. पण ०.५५ मिलिमीटर उंचीने मोजण्याचा मोह या वेळी टाळला. इंजिन फक्त चालण्याच्या दिशेने फिरवत, दात्यांमधली ढिलाई एकाच बाजूला राहील अशी काळजी घेत, तबकडीवर ८ अंश येताच अ‍ॅमीटरचा काटा परतेल अशी प्लेट लावली. थोडे पुढे गेले तर मागे न आणता पूर्ण फेरा घालून पुन्हा आलो. क्रँकपासून पॉइंटपर्यंत एवढी चाके जोडलेली असतात की मागे-पुढे केल्याने दोन-तीन अंश सहज हरवतात.

टायमिंग लाइटखाली संथ चालीला ८, २००० ला १९, ३००० ला ३१ आणि त्यानंतर ३२ अंशांवर स्थिर, असे वाचन आले. झाकण लावून, तेल भरून मी गाडी स्वतः चोर्ल्याला नेली. केरीपासून माथ्यापर्यंत तिसऱ्या गिअरला, जिथे पूर्वी आवाज येई तिथे मुद्दाम वेग पडू देऊन मूठ पूर्ण उघडली. एकाच वळणावर, जिथे चढ सर्वांत उभा आहे आणि खरे तर दुसरा गिअर टाकायला हवा, तिथे क्षणभर पुसट टकटक ऐकू आली आणि गिअर बदलताच गेली. ती मी राहू दिली. ती घालवायला आणखी दोन अंश मागे घेतले असते तर रोजच्या चालीतला पिकअप पुन्हा गेला असता.

मास्तर मे महिन्यात दोनदा बेळगावला जाऊन आले. दुसऱ्या खेपेनंतर हेड काढून पिस्टनचा माथा पाहिला. त्यावर सारखा, कोरडा, तपकिरी थर होता आणि कडेला कुठेही खड्डे पडलेले नव्हते. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, पॉइंटची फट ०.३६ भरली आणि टायमिंग ७ अंशांवर होते. प्लेटवर आणि घरावर समोरासमोर बारीक छिन्नीने खूण केली आहे, आणि ८, २४, ३२ हे तीन आकडे व फटीचे माप मास्तरांनी आपल्या अक्षरात गाडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. तो स्पोक मी मोडून टाकला.